क्लाईडबँक : गोदीनं वसवलेलं गाव

आधी गाव असतं आणि मग तिथं कारखाना येतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत. स्कॉटलंडमधल्या क्लाईडबँकचं नेमकं उलटं झालं.

१८७१ मध्ये थॉमसन बंधूंच्या कंपनीला ग्लासगोजवळच्या गोव्हनमधली आपली जागा सोडावी लागणार होती. म्हणून त्यांनी नदीच्या खालच्या अंगाला, शेतजमिनीवर नवी गोदी घातली. जागाही विचारपूर्वक निवडलेली. समोरच कार्ट नदी क्लाईडला मिळते, त्यामुळे लांबलचक जहाज पाण्यात सोडायला मोकळी जागा मिळायची. गोदीचं नाव होतं ‘क्लाईड बँक’. भोवती कामगारांची घरं उठली आणि १८८६ मध्ये नगरपालिका झाली तेव्हा गावानं गोदीचंच नाव घेतलं.

शेजारी किलबोईला सिंगरचा शिलाई मशीनचा प्रचंड कारखाना आला. आपल्याकडच्या शिंप्यांच्या दुकानांत खडखडणारी कितीतरी सिंगर मशीनं तिथूनच आलेली, बरं का!

१८९९ मध्ये गोदी जॉन ब्राऊन कंपनीकडे गेली. ‘लुसिटानिया’, ‘क्वीन मेरी’ इथलीच. पण ‘क्वीन मेरी’चं काम डिसेंबर १९३१ मध्ये मंदीमुळे थांबलं. दोन वर्षांहून अधिक काळ तो अर्धवट सांगाडा गावाच्या डोक्यावर उभा होता. बेकार माणसाला घराबाहेर पडलं की तोच दिसायचा. सरकारी कर्ज मिळालं तेव्हा, १९३४ मध्ये, काम पुन्हा सुरू झालं. पुढे मार्च १९४१ मध्ये दोन रात्री जर्मन बॉम्ब पडले. ५०० हून अधिक माणसं गेली. हजारो घरांपैकी ज्यांना ओरखडाही आला नाही, अशी घरं बोटांवर मोजण्याइतकीच उरली.

आता माझा मुद्दा. १९७१ मध्ये, जिच्यात ही गोदी सामील झाली होती ती ‘अप्पर क्लाईड शिपबिल्डर्स’ कंपनी दिवाळखोरीत गेली. संपात कामगार काम थांबवतो. इथं त्यांनी काम थांबवायलाच नकार दिला! ज्यांना कामावरून काढलं तेही कामावर येत राहिले. जिमी रीड या त्यांच्या पुढाऱ्यानं बजावलं होतं, की दारू नको, दंगा नको. लढा वर्षभर चालला आणि सरकारला नमतं घ्यावं लागलं. हाच रीड १९७२ मध्ये ग्लासगो विद्यापीठात रेक्टर म्हणून बोलला तो ‘परात्मभावा’वर. म्हणजे आपल्या आयुष्याचे निर्णय भलतेच कोणी घेतात, ही भावना. मार्क्स आम्ही वर्गात शिकवला. यांनी तो गोदीत जगून पाहिला.

मग ते जिंकले का? रोजगार वाचला, पण क्लाईडबँकला जहाजं बांधणं संपलं. गोदी एका अमेरिकन कंपनीकडे गेली आणि तिथं तेलविहिरींचे फलाट बनू लागले. सिंगर १९८० मध्ये बंद झालं, २००१ मध्ये गोदीही. आज १९०७ ची टायटन क्रेन तेवढी उभी आहे.

मालकी भांडवल घालणाऱ्याची, हे कायद्यानं खरं. पण गोदीवर पिढ्यान् पिढ्या जगलेल्या गावाचा तिच्यावर काहीच हक्क नाही का? त्या कामगारांनी हा प्रश्न विचारला. मला वाटतं, त्याचं उत्तर कायद्यानं अजून दिलेलं नाही.