आधी वही, मग संगणक: वऱ्हाडात बायोइन्फर्मेटिक्स शिकवताना

समोर अकरावी-बारावीची मुलं दिसताहेत, मधे बीएस्सीवाले, आणि मागे अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून आलेले एमएस्सीचे विद्यार्थी. आता एवढ्या सगळ्यांना अमरावतीत एका खोलीत बसवून बायोइन्फर्मेटिक्स सांगायचं, तर सुरुवात कुठून करायची? मला या प्रश्नाचं उत्तर विषयाच्या इतिहासात सापडलं. जरा उशिराच सापडलं, ते पुढे सांगतो.

१९६५ साली अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ यांनी प्रथिनांचा अ‍ॅटलस काढला. त्यात सगळी मिळून ६५ प्रथिनं. संगणकाला माहिती द्यायची ती भोकं पाडलेल्या कार्डांवरून. अमिनो आम्लांची तीन-तीन अक्षरी नावं फार जागा खायची, म्हणून बाईंनी एकेका आम्लाला एकेकच अक्षर दिलं. ती अक्षरं आजही चालतात.

तर पहिल्या रांगेतल्यांनो, तुमची सुरुवात इथून. चौकटीची वही घ्या. दोन क्रम एकाखाली एक लिहा. अक्षर जुळलं की एक गुण, नाही तर शून्य. मग खालचा क्रम एक घर सरकवा आणि पुन्हा मोजा. याला वीज लागत नाही, नेट लागत नाही.

आता पुणे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने देशभर माहिती केंद्रांचं जाळं उभारायला घेतलं, त्यातलं एक १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात आलं. आपलं अमरावती विद्यापीठ तेव्हा अवघं चार वर्षांचं. पुण्यात डॉ. अशोक कोळस्कर आणि प्रसाद टोणगावकर यांनी १९९० मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. प्रथिनाचा कोणता भाग प्रतिपिंडं पकडतील, याचा अंदाज बांधायची ही पद्धत. प्रत्येक अमिनो आम्लाला एक आकडा, सलग सात आम्लांची सरासरी, आणि सरासरी जिथे चढते तिथे खूण. बीएस्सीवाल्यांनो, हे तुम्ही एक्सेलमध्ये करू शकता. अंदाज साधारण ७५ टक्के बरोबर येतात. म्हणजे चारातला एक चुकतो, हेही त्याच तासाला शिकवायचं. लस बनवणाऱ्या जगभरच्या लोकांसाठी ही पद्धत आज ऑनलाइन फुकट आहे.

त्याच १९९० साली ब्लास्ट आलं. क्रम चिकटवा, बटण दाबा, साठवलेल्या क्रमांतले जुळणारे समोर हजर. आणि इथेच माझी फजिती झाली. एका कॉलेजात कार्यशाळेला मी थेट ब्लास्टच उघडून दिलं. एक मुलगी आनंदाने म्हणाली, "सर, शंभर टक्के जुळलं!" मी विचारलं, "किती लांबीचा तुकडा?" बघितलं तर पंचवीसेक अक्षरं. क्रम होता हजाराच्या वर. तिची काहीच चूक नव्हती. वहीचा तास मीच गाळला होता.

मागच्या रांगांसाठी आपली पऱ्हाटी. गावरान कापसात २६ गुणसूत्रं, अमेरिकन कापसात ५२. दोघांचा संकर केला तर ३९ येतात, जोड्या नीट लागत नाहीत आणि झाड वांझ निघतं. हे पैदासकाराला संगणकाशिवायही ठाऊक असतं. २०१४ मध्ये चिनी संस्थांच्या पुढाकाराने गावरान कापसाचा, म्हणजे गॉसिपियम आर्बोरियमचा, जीनोम वाचला गेला. सुमारे १.७ अब्ज अक्षरं, कुणालाही उघडी. गावरान वाण पाण्याचा ताण आणि रसशोषक किडी बऱ्यापैकी सोसतं, पण धागा आखूड आणि जाडाभरडा. काऊन? वऱ्हाडाच्या कोरडवाहू शेतकऱ्याला पडणारा हा प्रश्न बीजिंगच्या प्रयोगशाळेला पडेलच असं नाही. क्रम त्यांनी वाचला, ठीक आहे. पण अकोल्याने काढलेली देशी वाणं आणि त्यांच्या शेतातल्या नोंदी तुमच्याकडे आहेत. त्या नोंदी आणि तो जीनोम शेजारी ठेवायचं काम तुमचं.

बरं, वह्या आणल्यात ना? मागच्यांनीही पेन काढा. एमएस्सी असलं तरी दहा मिनिटं १९६५ मध्ये बसायचं आहे. पहिला क्रम फळ्यावर लिहितो.