मनुष्य कोठून आला ? दगडांची साक्ष आणि मतांचा इतिहास

पुनावळ्याच्या परिसरांत इमारतीचा पाया खणूं लागलें म्हणजे थोड्याच खोलीवर काळा कातळ लागतो. हा कातळ म्हणजे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वर येऊन थरावर थर साचलेला व थिजलेला तप्त रस होय. त्या काळीं पृथ्वीवर मनुष्य नव्हता. पुढें लक्षावधि वर्षें गेलीं. या कातळांतून नद्यांनीं आपापलीं पात्रें कोरलीं, कांठांवर गोटे व गाळ यांचे थर रचले, आणि त्या थरांत मनुष्याच्या हातचीं पहिलीं हत्यारें पडलीं. तीं कोणाचीं, व तीं घडविणारा कोठून आला, या प्रश्नांस निरनिराळ्या काळीं काय उत्तरें मिळालीं, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. आपलीं मुलें शाळेंत एक ऐकतात, धर्मशिक्षणाच्या वर्गांत दुसरें ऐकतात, आणि दोहोंचा मेळ कसा घालावा हें घरीं विचारतात. त्यांस उत्तर देणें हें आपलें कर्तव्य आहे.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲनॅक्सिमँडर यानें ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांतच असा तर्क केला होता कीं, मनुष्याचें बालपण दीर्घ व परावलंबी असल्यामुळें आरंभींचे मनुष्य माशांसारख्या प्राण्यांच्या पोटीं वाढले असावेत. पुढें युरोपांत पवित्र शास्त्रांतील वंशावळी मोजून सृष्टीचें वय ठरविण्याची प्रथा पडली. आयर्लंडांतील प्रॉटेस्टंट आर्चबिशप जेम्स अशर यांनीं १६५० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सृष्टीची उत्पत्ति ख्रिस्तपूर्व ४००४ या वर्षीं झाली असें गणित मांडलें. हा आंकडा पुष्कळांनीं शास्त्रवचनासारखा मानला. परंतु तो एका विद्वानाचा हिशेब होता, कोणत्याही धर्मसभेनें ठरविलेला विश्वासाचा विषय नव्हता. १६५५ सालीं इझाक ला पेरेर यानें आदामापूर्वींही मनुष्य होते असें प्रतिपादन केलें. त्याबद्दल त्यास बंदिवास भोगावा लागला व आपलें मत मागें घ्यावें लागलें.

याच्याही पूर्वीं, अमेरिका खंडाचा शोध लागल्यावर, तेथील रहिवासी हे खरोखर मनुष्य आहेत काय, असा क्रूर प्रश्न उपस्थित झाला होता. पोप तिसरे पॉल यांनीं १५३७ सालीं ते खरे मनुष्य आहेत व त्यांचें स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावून घेतां कामा नये, असें जाहीर केलें. उत्पत्तीविषयींचें मत हें केवळ पंडितांच्या वादाचें नसतें. त्यावर कोणाच्या तरी मानेवरचें जूं अवलंबून असतें, हें येथें ध्यानांत ठेवावें.

मराठी भाषेंत ख्रिस्ती मताप्रमाणें मनुष्याच्या उत्पत्तीची कथा विस्तारानें सांगणारे पहिले मोठे ग्रंथकार फादर थॉमस स्टीफन्स हे होत. १५७९ सालीं गोव्यास आलेल्या या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूनें आपलें ख्रिस्तपुराण ओवीबद्ध केलें व तें १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. मनुष्य कोणाचा व कशासाठीं, हें सांगणें त्यांचें कार्य होतें. तो किती वर्षांपूर्वींचा, हें सांगण्याचें साधन त्या काळीं कोणाच्याच हातीं नव्हतें.

तें साधन दगडांनीं दिलें. फ्रान्समध्यें बूशे द पर्त यांनीं सॉम नदीच्या गाळांत लुप्त झालेल्या प्राण्यांच्या हाडांबरोबर घडीव दगड शोधले, पण अनेक वर्षें त्यांची थट्टाच झाली. हिंदुस्थानांत शिवालिक टेंकड्यांतील अश्मीभूत हाडांचा अभ्यास केलेले ह्यू फाल्कनर यांनीं १८५८ सालीं तो संग्रह पाहिला, आणि त्यांच्या आग्रहावरून इंग्रज भूगर्भवेत्त्यांनीं पुढील वर्षीं तेथें जाऊन त्याची सत्यता मान्य केली. त्याच १८५९ सालीं डार्विन यांचा जीवजातींविषयींचा ग्रंथ निघाला. मनुष्याविषयींचा १८७१ सालीं. पुढें १८६३ सालीं रॉबर्ट ब्रूस फूट यांस मद्रासजवळ पल्लावरम येथें दगडी हत्यार सांपडलें, आणि १८६५ सालीं वाइन या भूगर्भवेत्त्यास गोदावरीकांठीं पैठणनजीक मुंगी येथें अकीक दगडाची घडविलेली छिलका मिळाली. अशा रीतीनें या शास्त्राच्या अगदीं आरंभींच महाराष्ट्राचें नांव त्यांत नोंदलें गेलें.

पुण्यांतही या विषयास वेगळें वळण मिळालें. लोकमान्य टिळक यांनीं १९०३ सालीं वेदांतील दीर्घ उषांच्या वर्णनावरून आर्यांचें मूळस्थान उत्तर ध्रुवाजवळ होतें व हिमयुगामुळें तें सोडावें लागलें असें मांडलें. नारायण भवानराव पावगी यांनीं १९१५ सालीं त्यास विरोध करून तें स्थान सप्तसिंधूंतच होतें असें म्हटलें. दोघांचाही व्यासंग दांडगा होता, दोघांनींही भूगर्भशास्त्राचा आधार शोधला. परंतु आज विद्वान लोक हीं मतें स्वीकारीत नाहींत. प्राचीन सूक्तें कांहीं सहस्र वर्षांपलीकडील साक्ष देऊं शकत नाहींत, आणि मनुष्याची कथा तर त्याहून शेंकडों पटींनीं जुनी आहे.

ती जुनी कथा उकलण्याचें काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजानें केलें. हसमुख सांकलिया यांनीं नाशिकजवळ गंगापूर येथील गोदावरीच्या थरांतील हत्यारांचा वृत्तांत १९५२ सालीं प्रसिद्ध केला; पुढें प्रवरेकांठीं नेवासें येथें, व जुन्नर तालुक्यांत कुकडीकांठीं बोरी येथें अशींच हत्यारें अभ्यासिलीं गेलीं. बोरीस ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती राख सुमारें पाऊण लाख वर्षांपूर्वींची कीं त्याहून कितीतरी जुनी, यावर संशोधकांत मोठा वाद झाला. १९८२ सालीं नर्मदाकांठीं हथनोरा येथें अरुण सोनकिया यांस प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला. आपल्यासारख्या मनुष्याचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष मात्र आफ्रिकेंत, सुमारें तीन लक्ष वर्षांपूर्वींचे आहेत. मनुष्याचें मूळ आफ्रिकेंत असावें, हा डार्विन यांचा तर्क अशा प्रकारें बळावला.

या शास्त्राचा दुरुपयोगही झाला. नाकाच्या व कवटीच्या मापांवरून जातींची व वंशांची उच्चनीचता ठरविण्याचे खटाटोप झाले. इरावती कर्वे यांनीं बर्लिन येथें ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं अनेक कवट्या मोजल्या. गोऱ्या वंशाचें वैशिष्ट्य दाखविणारा जो फरक गुरूंस अपेक्षित होता तो त्यांस आढळला नाहीं, आणि त्यांनीं तसेंच लिहिलें. सत्यनिष्ठेचें हें उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्यानें मनांत ठेवण्यासारखें आहे.

मग श्रद्धेचें काय ? संत ऑगस्टीन यांनीं फार पूर्वींच बजावलें होतें कीं, सृष्टिविषयक गोष्टींत शास्त्रवचनाच्या नांवाखालीं भलतेंच बोलणाऱ्या ख्रिस्ती मनुष्यामुळें शास्त्राचेंच हसें होतें. येशूसंघीय फादर तेयार द शार्दें हे चीनमध्यें पेकिंग मानवाच्या संशोधनांत होते, व १९३५ सालीं ते हिंदुस्थानांतही आले होते. पोप बारावे पायस यांनीं १९५० सालीं मनुष्यदेह पूर्वींच्या सजीव द्रव्यापासून उत्पन्न झाला काय, या विषयाच्या संशोधनास मोकळीक दिली. आत्मा मात्र परमेश्वर साक्षात् निर्माण करितो, ही शिकवण कायम राखिली. १९९६ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं उत्क्रांतिवाद हा केवळ एक तर्क राहिलेला नाहीं, असें म्हटलें. देह केव्हां व कसा घडला हें दगडांस विचारावें. मनुष्य कशासाठीं आहे, याचें उत्तर त्यांच्यापाशीं नाहीं.

आज कारखान्यांच्या निमित्तानें या भागांत अनेक प्रांतांचे, अनेक भाषांचे लोक शेजारीं शेजारीं नांदत आहेत. उत्पत्तीचें पहिलें पुस्तक सर्व मनुष्य एका कुळाचे आहेत असें सांगतें. आणि पुष्कळ चुकल्यावर, पुष्कळ मापें घेतल्यावर, शास्त्रही सर्व मानवजात एकच आहे असें सांगत आहे. हें ज्यास पटलें त्यानें आपल्या शेजाऱ्यास परका मानूं नये. मतांच्या या दीर्घ इतिहासापासून आपण घ्यावयाचा बोध एवढाच आहे.