अंजिराला आणखी एक वर्ष

पवित्र शास्त्रात नावानिशी येणारे पहिले फळझाड अंजिराचे आहे. एदेन बागेतील निषिद्ध फळाचे नाव उत्पत्तीच्या ग्रंथात दिलेले नाही. आदाम आणि एवा यांनी लज्जारक्षणासाठी जोडलेली पाने मात्र अंजिराची होती. मनुष्याचा व या झाडाचा सहवास फार प्राचीन आहे. यरीहोजवळ गिलगाल येथे उत्खननात मिळालेली जळकी अंजिरे सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची असल्याचे संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केले.

काजू, अननस, पेरू ही फळे पोर्तुगीजांबरोबर समुद्रमार्गे आपल्याकडे आली. 'अंजीर' हा शब्द मात्र फारसी आहे. महाराष्ट्रात या फळाने नाव मिळवले ते पुरंदर तालुक्यात, सासवड-दिवे परिसरात. २०१६ साली पुरंदरच्या अंजिरास भौगोलिक मानांकन लाभले. याचे कारण हवेत आहे. पवित्र भूमीत पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. अंजिराच्या गोडीला तेच मानवते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील पुरंदरलाही उन्हाळी 'मीठा बहर' साधतो.

आमच्या हातखंब्याचे तसे नाही. येथे जांभ्याची जमीन आणि चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मुळांशी पाणी साचते, पानांवर तांबेरा पडतो. म्हणून परसात अंजीर लावणाऱ्याने उंचवटा करावा, खड्ड्यात माती व शेणखत भरावे, पाण्याला वाट काढून द्यावी आणि पाऊस सरल्यावर छाटणी करावी. कारण फळ नव्या फुटीवर धरते. एवढे करूनही पहिली वर्षे रिकामी जाऊ शकतात.

अशा वेळी संत लूकच्या शुभवर्तमानातील माळी आठवावा. तीन वर्षे फळ न देणारे अंजीर तोडण्याची आज्ञा झाली, तेव्हा त्याने झाडाचे गुण गायिले नाहीत. त्याने एक वर्ष मागितले आणि भोवती खणण्याचे, खत घालण्याचे काम स्वतःच्या अंगावर घेतले. पुढे फळ आले की नाही, हे प्रभू येशूने सांगितलेले नाही.

आपल्या कुटुंबांतही कोणी अभ्यासात मागे पडतो, कोणी व्यसनात गुंततो, कोणी मिस्साबलीला येईनासा होतो. 'याच्यापासून काही होणार नाही' असे आपण सहज म्हणून जातो. त्याच्यासाठी आणखी एक वर्ष मागावे. परंतु मागणाऱ्याने कुदळही हाती घ्यावी.