कौटुंबिक विधी आणि ताणनिवारण

कुटुंबातील माणसे ठरलेल्या प्रसंगी, ठरलेल्या क्रमाने मिळून करतात आणि जिला प्रत्यक्ष उपयोगापलीकडचा अर्थ देतात, अशा कृतीस कौटुंबिक विधी म्हणतात; तो धार्मिक असलाच पाहिजे असे नाही. रात्री ठरावीक वेळी जेवणे हा दिनक्रम होय, पण सगळे घरी आल्याशिवाय पान न वाढणे हा विधी, कारण तो मोडल्यास केवळ वेळ चुकत नाही, कोणाचे तरी मनही दुखावते. जेम्स बोसार्ड आणि एलिनॉर बोल यांनी १९५० मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे स्टीव्हन वोलिन, लिंडा बेनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्यपी पालकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला, तेव्हा पिण्यामुळे सणवार आणि एकत्र जेवण विस्कटू न देणाऱ्या कुटुंबांत पुढच्या पिढीकडे व्यसन जाण्याचे प्रमाण कमी आढळले (१९८०).

विधीचे साहाय्य शोकात सर्वांत स्पष्ट दिसते. ज्यू परंपरेतील शिवा, म्हणजे दफनानंतरचे सात दिवस, शोकग्रस्तांनी बुटक्या आसनांवर बसून घालवायचे असतात आणि पहिले जेवण शेजाऱ्यांनी आणायचे असते. महाराष्ट्रातील अनेक हिंदू कुटुंबांतही सुतकात, म्हणजे मृत्यूनंतरच्या अशौचकाळात, आप्तेष्ट जेवण पोहोचवतात आणि दहावा, तेरावा असे टप्पे आधीच ठरलेले असतात. दुःखाने बधिर झालेल्या माणसाला काय करावे हे ठरवावे लागत नाही आणि त्याला एकटे सोडले जात नाही, हा या दोन्ही रीतींचा खरा आधार आहे. कोकणातील मराठीभाषक ज्यू समाज असलेल्या बेने इस्राएलांचा मलिदा हा विधी मात्र शोकाचा नव्हे, तर नवसाचा व कृतज्ञतेचा आहे. त्यात संदेष्टा एलियाहू याचे स्मरण करून नारळ घातलेले गोड पोहे व फळे वाटली जातात, आणि इस्राएलमध्ये स्थलांतरित झालेल्या कुटुंबांनीही तो जपला आहे.

विधीने शरीरावरील ताणही उतरतो काय, हे मॉरिशसमधील मराठी हिंदू समाजात तपासले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ७५ व्यक्तींवर आधी भाषणाचे दडपण आणण्यात आले. त्यानंतर ज्यांनी देवळात नेहमीची पूजाअर्चा केली त्यांची चिंता, नुसत्या शांत बसलेल्यांपेक्षा, त्यांच्या सांगण्यावरून आणि हृदयाच्या ठोक्यांच्या चढउतारांवरूनही कमी भरली. एकाच समाजातील एका प्रयोगावरून सर्व संस्कृतींविषयी अनुमान काढणे मात्र घाईचे ठरेल.

विधी स्वतःच ताणाचे कारण ठरू शकतो, आणि हे अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घेतले पाहिजे. खर्च, मानपान आणि मुख्यतः स्वयंपाकाचे ओझे बहुतेक ठिकाणी घरातील स्त्रियांवरच पडते; म्हणून कुटुंबात विधी पाळले जातात की नाही, एवढेच विचारून भागत नाही, तर त्यांची तयारी कोण करते आणि त्या वेळी स्वस्थ बसायला कोणाला मिळते, हेही नोंदवावे लागते.