वर्धा योजना आणि हस्तव्यवसायाचे शैक्षणिक मूल्य

हाताने करावयाच्या कामास शिक्षणात स्थान असावे, हा विचार महाराष्ट्रात वर्धा योजनेपूर्वी निदान अर्धशतक मांडला गेला होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात शेतीच्या मूलतत्त्वांचा समावेश करावा, असे सुचविले. त्याच निवेदनात त्यांनी शिक्षकाविषयी केलेली अपेक्षा अधिक मूलगामी होती. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावा आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हाती धरण्यास त्याला लाज वाटू नये, असे त्यांचे म्हणणे होते. लेखणी आणि अवजार यांच्यामधील अंतर हे मुख्यतः जातिव्यवस्थेने निर्माण केलेले अंतर आहे, ही जाणीव या सूचनेच्या मुळाशी होती. पुढील काळात हस्तव्यवसायाच्या शिक्षणाविषयी जी चर्चा झाली, तिच्यात ही जाणीव कितपत टिकली हे पाहणे उद्बोधक ठरते.

१९३७ च्या जुलैमध्ये मुंबईसह अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारारूढ झाली. या मंत्रिमंडळांपुढे एक विचित्र पेच होता. दारूबंदी हे त्यांचे घोषित धोरण होते. परंतु प्रांतिक शिक्षणाचा खर्च बव्हंशी अबकारी उत्पन्नाच्या आधारावर चालत असे. शिक्षणासाठी दारू चालू ठेवावयाची, की दारूबंदीसाठी शिक्षण थांबवावयाचे? गांधीजींनी ३१ जुलै १९३७ च्या ‘हरिजन’मध्ये या पेचाला दिलेले उत्तर असे की, मुलाचे शिक्षण एखाद्या उपयुक्त हस्तव्यवसायापासून सुरू करावे आणि त्याच्या उत्पादनातून शाळेने आपला खर्च भागवावा. तात्पर्य, या योजनेच्या जन्मकाळीच दोन भिन्न हेतू एकत्र आले. हाताच्या कामातून बुद्धीचा विकास साधणे हा एक. शाळेचा खर्च भागविणे हा दुसरा.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत या दोन हेतूंमधील ताण उघड झाला. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांचा आक्षेप असा होता की, शाळांतून तयार होणारा माल बाजारात आला म्हणजे धंदेवाईक कारागिराशी त्याची विषम स्पर्धा होईल. कच्चा माल, जागा आणि साधने ज्याला सरकारकडून मिळतात, त्याच्यासमोर खेड्यातील विणकराने कसे टिकावे? डॉ. झाकीर हुसेन यांनी वेगळा धोका दाखविला. स्वावलंबनावर अवास्तव भर दिल्यास शिक्षक मुलांकडून राबवून घेणारा मुकादम होईल, आणि तसे झाल्यास पुस्तकापेक्षा टकळीच अधिक घातक ठरेल, असा इशारा त्यांनी दिला. उल्लेखनीय गोष्ट ही की, योजना सिद्ध करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले आणि शहा यांचाही तीत समावेश झाला.

समितीने डिसेंबर १९३७ मध्ये सादर केलेल्या अहवालात साडेपाच तासांच्या शालेय दिवसापैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगास दिली होती. मातृभाषेस ४० मिनिटे. संगीत, चित्रकला आणि गणित यांस मिळून ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांस ३० मिनिटे. शारीरिक शिक्षण आणि विश्रांती यांस प्रत्येकी १० मिनिटे. दिवसाचा तीनपंचमांशाहून अधिक भाग एका उद्योगास देण्याचे समर्थन ‘समवाय’ या तत्त्वात होते. उदाहरणार्थ, सुताचा अंक म्हणजे ८४० वारांच्या किती लड्या मिळून एक पौंड वजन होते ती संख्या. वीस अंकी एक पौंड सुताची लांबी १६,८०० वार भरते, हे मोजून पाहणाऱ्या मुलास व्यस्त प्रमाण निराळे शिकवावे लागत नाही. कापसाच्या जमिनीवरून भूगोलाकडे आणि कापडाच्या व्यापारावरून कंपनी सरकारच्या इतिहासाकडे जाता येते. शाळा स्वावलंबी न झाली तरी शैक्षणिक दृष्ट्या ही पद्धती स्वीकारार्ह आहे, असेही समितीने स्पष्ट केले. १९४४ च्या सार्जंट अहवालाने मूलोद्योगाचे तत्त्व मान्य केले, परंतु शाळेचा खर्च उत्पादनातून काढण्याची कल्पना नाकारली.

तथापि खरी अडचण अन्यत्र होती. मुंबई प्रांताचे तत्कालीन पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३८ मध्ये ही योजना प्रथम ग्रामीण भागात लागू करावी, अशी शिफारस केली. हेतू शुद्ध असला तरी त्यातून खेड्यास टकळी व शहरास पुस्तक अशी विभागणी सूचित झाली. ज्या घरांत सूत, चामडे किंवा लाकूड पिढ्यान्‌पिढ्या हाताळले जात होते, त्यांना शाळेकडून अक्षराची अपेक्षा होती. आणि ज्या घरांत अवजारास कधी स्पर्श झाला नव्हता, त्यांची मुले या योजनेच्या बाहेरच राहिली. वस्तुतः श्रमाच्या शिक्षणाची अधिक निकड दुसऱ्या वर्गास होती.

याच काळात सातारा जिल्ह्यात भाऊराव पाटील यांचा प्रयोग निराळ्या मार्गाने चालला होता. १९१९ साली काले येथे स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपापल्या शिक्षणासाठी श्रम करीत. १९४७ मध्ये सातारा येथे सुरू झालेल्या शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा व शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणापर्यंत नेण्यात आले. येथे श्रम हे अध्यापनाचे माध्यम नव्हते. ते शिक्षणाचे मोल होते. समवायाचे शास्त्र येथे नव्हते, परंतु श्रम करणारा विद्यार्थी शेवटी पदवीपर्यंत पोहोचत होता, आणि खोरे हाती धरण्याचे काम एकाच जातीकडे राहत नव्हते.

१९६४–६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचा दप्तरविरहित काळ सुचविला. दोनशे मिनिटांच्या दैनंदिन उद्योगापासून वर्षातील काही दिवसांपर्यंतचा हा प्रवास केवळ वेळेच्या संकोचाचा नव्हे. हस्तव्यवसाय कोणी शिकावा, कोणी शिकवावा आणि तो शिकणाऱ्यास पुढे कोणती दारे खुली राहावीत, हे तीन प्रश्न एकत्र सोडविल्याखेरीज अभ्यासक्रमातील श्रमास प्रतिष्ठा लाभत नाही, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय. फुल्यांनी १८८२ मध्ये विषयाबरोबरच शिक्षकाचाही विचार केला होता, त्याचे महत्त्व या संदर्भात स्पष्ट होते.