घरचं वायफाय भारतात खरंच स्वस्त आहे का? वाशिमचा खिसा आणि शेजारी देशांचे दर

एक क्विंटल सोयाबीन आणि वर्षभराचं घरचं वायफाय यांची किंमत जवळपास सारखी आहे. ३९९ रुपयांच्या प्लॅनवर १८ टक्के जीएसटी लावला की महिन्याचं बिल ४७१ रुपये होतं. वर्षाचे झाले सुमारे ५,६५० रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव आहे ५,३२८ रुपये क्विंटल. म्हणजे वाशिमच्या शेतकऱ्याला हमीभाव मिळाला, तरी वायफायसाठी क्विंटलभराहून थोडं जास्त सोयाबीन विकावं लागेल. बाजारात भाव पडलेला असेल, तर आणखी जास्त.

भारतात इंटरनेट जगात सर्वांत स्वस्त, असं आपण सोशल मीडियावर कायम वाचतो. मोबाईल डेटाबाबत त्यात बरंच तथ्य आहे. पण घरात तार आणून घेतलेल्या ब्रॉडबँडचं काय? बांगलादेश, नेपाळ या शेजाऱ्यांच्या तुलनेत आपण कुठे आहोत? आणि वाशिमसारख्या जिल्ह्यात त्याचा अर्थ काय होतो?

'परवडणारं' म्हणजे नेमकं किती?

यासाठी एक जागतिक मोजपट्टी आहे. संयुक्त राष्ट्रांशी संबंधित ब्रॉडबँड आयोगाने २०१८ मध्ये लक्ष्य ठरवलं की, २०२५ पर्यंत विकसनशील देशांत सर्वांत साध्या ब्रॉडबँडचा खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांहून कमी असावा.

भारताचं दरडोई उत्पन्न वर्षाला साधारण अडीच हजार डॉलर धरलं, तर महिन्याला सुमारे १७ हजार रुपये होतात. त्याचे २ टक्के म्हणजे ३४० ते ३५० रुपये. ४७१ रुपयांचं बिल पावणेतीन टक्क्यांच्या आसपास जातं. फार महाग नाही, पण मोजपट्टीच्या आतही नाही.

शेजाऱ्यांकडे काय स्थिती आहे?

बांगलादेश: तिथल्या दूरसंचार नियामकाने जून २०२१ मध्ये 'एक देश, एक दर' लागू केला. ५ एमबीपीएससाठी कमाल ५०० टका, १० साठी ८०० आणि २० साठी १,२०० टका. त्याआधी खेड्यातल्या ग्राहकाला ढाक्यातल्या ग्राहकापेक्षा जास्त पैसे मोजावे लागत. ५०० टका म्हणजे साधारण ३५० भारतीय रुपये. तिथल्या दरडोई उत्पन्नाच्या हे २ टक्क्यांच्या आसपास येतं. वेग मात्र भारतापेक्षा बराच कमी. आपल्याकडे ३९९ रुपयांत ३० एमबीपीएस मिळतो.

नेपाळ: घरगुती फायबरला महिन्याला साधारण हजार नेपाळी रुपये, म्हणजे आपले सव्वासहाशे रुपये लागतात. उत्पन्न भारतापेक्षा कमी असल्याने हा खर्च ६ टक्क्यांच्या घरात जातो.

भूतान: डोंगराळ भागात तार नेणं अवघड. २०२५ मध्ये तिथे स्टारलिंकची उपग्रह सेवा सुरू झाली. तिचा सर्वांत स्वस्त घरगुती प्लॅन होता ३,००० न्गुल्ट्रम. भूतानचं चलन भारतीय रुपयाच्या बरोबरीचं असल्याने तो सरळ ३,००० रुपये झाला.

मग भारत जिंकला का?

दर रुपयाच्या वेगावर ठरवायचं, तर हो. पण किती लोकांनी कनेक्शन घेतलं हे पाहिलं की चित्र उलटं होतं.

भारतात तारेच्या ब्रॉडबँडची कनेक्शन्स २०२४ च्या अखेरीस सुमारे ४ कोटी होती. म्हणजे दर १०० लोकांमागे जेमतेम ३. बांगलादेशात हे प्रमाण ८ च्या आसपास आहे, नेपाळमध्ये ९ च्या आसपास. चीनमध्ये ४७. पाकिस्तान मात्र आपल्या मागे आहे, २ पेक्षाही कमी.

म्हणजे ज्या नेपाळमध्ये खर्चाचा बोजा दुप्पट, तिथे कनेक्शन्स तिप्पट. याचं एक मोठं कारण आपला मोबाईल डेटा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, दर कोसळले आणि भारताचं इंटरनेट तारेची पायरी ओलांडून थेट फोनवर पोहोचलं. आज भारतात ९० कोटींहून अधिक ब्रॉडबँड ग्राहक मोबाईलवरचे आहेत. नेपाळमध्ये इंटरनेट आणि टीव्ही एकाच तारेतून, एकाच बिलात देण्याची पद्धत रुळली. बांगलादेशात दोन हजारांहून अधिक लहान-मोठ्या कंपन्या गल्लोगल्ली तार ओढतात.

लोकवस्तीचाही हिशोब आहे. बांगलादेशात एका चौरस किलोमीटरमध्ये अकराशेहून जास्त लोक राहतात. वाशिम जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार २४४. तेवढीच तार ओढून वाशिममध्ये बांगलादेशाच्या पाव भागाहूनही कमी लोक मिळतात. खासगी कंपनी आधी शहर का गाठते, याचं उत्तर इथे आहे.

वाशिममध्ये हेच गणित कसं बदलतं?

प्लॅनचा दर मुंबईत आणि मानोऱ्यात सारखाच असतो. उत्पन्न सारखं नसतं.

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम हा राज्यातल्या कमी दरडोई उत्पन्नाच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत, त्यात तो आहे. इथले सुमारे ८२ टक्के लोक खेड्यात राहतात. त्यामुळे देशाची १७ हजारांची सरासरी इथे लावून उपयोग नाही.

२०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. ४७१ रुपयांचं बिल म्हणजे दीड दिवसाची मजुरी. लाडकी बहीण योजनेच्या १,५०० रुपयांतून ते भरायचं, तर जवळपास तिसरा हिस्सा गेला. समजा, पाच जणांचं कुटुंब महिन्याला १२ हजारांत भागवतं. त्याच्यासाठी हा खर्च ४ टक्के होतो.

त्यात खरी अडचण अनेकदा मासिक बिलाची नसून पहिल्या दिवसाच्या रकमेची असते. सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे आधी भरले तर इन्स्टॉलेशन माफ, अशा ऑफर असतात. सहा महिन्यांचे २,८२५ रुपये एकदम काढणं हे सोयाबीन विकल्यावर जमतं, पेरणीच्या दिवसांत नाही. जिथे फायबर नाही तिथे ५जी सिग्नलवर चालणाऱ्या एअरफायबरचा पर्याय आहे, पण तो २०२३ मध्ये सुरू झाला तोच ५९९ रुपयांपासून. जीएसटीसह ७०७.

फोनवर नेट आहे, मग वायफाय हवंच कशाला?

रील बघायला फोन पुरतो. पण रोजचा दीड जीबी डेटा ऑनलाइन क्लासच्या दोन-तीन व्हिडिओंत संपतो. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कागदपत्रं स्कॅन करून चढवणं, सराव परीक्षा ही कामं छोट्या स्क्रीनवर आणि संपत आलेल्या डेटावर अवघड होतात. मग सेतू केंद्र गाठावं लागतं. तिथले पैसे, जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडालेला रोज, हा खर्च इंटरनेटच्या कुठल्याच आकडेवारीत धरला जात नाही.

घरात चार फोन असतील, तर हिशोब असा मांडता येतो. रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा रिचार्ज साधारण ३०० रुपये, चौघांचे १,२००. दूरसंचार नियामक ट्रायच्या निर्देशानंतर जानेवारी २०२५ पासून फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन आले. ८४ दिवसांना साधारण साडेचारशे रुपये, म्हणजे २८ दिवसांना दीडशे. चौघांचे ६०० आणि वायफायचे ४७१, एकूण १,०७१. थोडी बचत होते, पण शेतात किंवा एसटीत नेट मिळणार नाही. आजी-आजोबांच्या फोनला कॉलचा प्लॅन आणि बाहेर जाणाऱ्यांना डेटा, असा मधला मार्ग काढता येतो. मात्र फोन एक-दोनच असतील, तर वायफाय हा जादाचा खर्चच ठरतो.

सरकारची तार कुठे आहे?

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याला महानेट म्हणतात. पण ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत फायबर येणं आणि घरात वायफाय लागणं यात अंतर राहतं. ते भरून काढण्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात पाच वर्षांत ग्रामीण भागात दीड कोटी घरांना कनेक्शन देण्याचं उद्दिष्ट आहे. गावातल्या स्थानिक उद्योजकांनी कनेक्शन द्यायचं आणि दुरुस्तीही बघायची, अशी रचना आहे.

कनेक्शन घेण्याआधी काय विचारावं?

- सांगितलेल्या दरात जीएसटी धरला आहे का?
- इन्स्टॉलेशन आणि डिपॉझिट किती? त्यातलं परत काय मिळणार?
- किती महिन्यांचे पैसे आधी भरायचे? मध्येच बंद केलं तर काय?
- किती जीबीनंतर वेग कमी होतो आणि किती होतो?
- तार तुटली तर दुरुस्तीला कोण येणार, तालुक्याहून की गावातूनच?
- भारनियमनात राउटर बंद पडतो. बॅटरीची सोय करायची, तर तो खर्च वेगळा.

गावात दोन-चार घरांनी मिळून मागणी केली, तर स्थानिक ऑपरेटरला तार ओढणं परवडण्याची शक्यता वाढते. आणि ग्रामपंचायतीत भारतनेटची जोडणी आहे का, ती सुरू आहे का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो.