टोर्नेडो : तीव्रतामापन आणि जीवितहानी

टोर्नेडो म्हणजे गडगडाटी वादळाच्या ढगापासून थेट जमिनीपर्यंत पोचलेला, अतिवेगाने फिरणारा हवेचा स्तंभ. उन्हाळ्यात माळरानावर उठणारी वावटळ तापलेल्या जमिनीवरून वर चढते, तिला ढग लागत नाही. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरते आणि कित्येक दिवस टिकते. टोर्नेडोची रुंदी बहुधा काहीशे मीटर असते आणि बहुतेक टोर्नेडो काही मिनिटांतच विरतात.

तीव्रतामापन : टोर्नेडोच्या आतील वाऱ्याचा वेग थेट मोजणे क्वचितच साधते. म्हणून वादळ सरल्यावर नुकसानीची पाहणी करून वेगाचा अंदाज बांधतात. शिकागो विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ टेट्सुया थिओडोर फुजिता यांनी १९७१ मध्ये यासाठी एफ० ते एफ५ अशी श्रेणी मांडली. १ फेब्रुवारी २००७ पासून अमेरिकेत तिच्या जागी सुधारित फुजिता (ईएफ) श्रेणी आली. तीत घरे, शाळा, विजेच्या वाहिन्या, झाडे असे २८ निर्देशक असून प्रत्येकाची किती मोडतोड झाली ते पाहून वेग ठरवतात. ताशी किलोमीटरमध्ये ढोबळ मर्यादा अशा : ईएफ० – १०५ ते १३७, ईएफ१ – १३८ ते १७७, ईएफ२ – १७८ ते २१७, ईएफ३ – २१८ ते २६६, ईएफ४ – २६७ ते ३२२, ईएफ५ – ३२२ हून अधिक.

ही श्रेणी नुकसानीवर बेतलेली असल्याने तिला मर्यादा आहेत. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनो येथील टोर्नेडो सुमारे ४.२ किमी रुंद होता आणि फिरत्या रडारांनी त्यात ईएफ५ला साजेसा वेग नोंदवला. पण तो मुख्यतः मोकळ्या रानातून गेल्याने त्याची नोंद ईएफ३ अशीच राहिली.

प्राणघातक टोर्नेडो : २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशाच्या माणिकगंज जिल्ह्यातील दौलतपूर–साटुरिया भागात आलेला टोर्नेडो इतिहासातील सर्वांत प्राणघातक मानतात. त्यात सुमारे १,३०० माणसे दगावली आणि हजारो कुटुंबांचे छप्पर गेले. वैशाखाच्या सुमारास या प्रदेशात बंगालच्या उपसागरावरील दमट हवेवर पश्चिमेकडून कोरडी हवा येते; त्यातून ‘कालबैशाखी’ची वादळे आणि कधी टोर्नेडो उद्भवतात.

अमेरिकेतील सर्वाधिक बळी १८ मार्च १९२५ च्या ‘ट्राय-स्टेट’ टोर्नेडोने घेतले. मिसूरी, इलिनॉय आणि इंडियाना या राज्यांतून साडेतीन तासांत सुमारे ३५० किमी जाताना त्याने ६९५ जणांचा जीव घेतला. तेव्हा टोर्नेडोचा पूर्वइशारा देण्याची व्यवस्थाच नव्हती. पहिले यशस्वी भाकीत १९४८ मध्ये ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर झाले. मात्र २२ मे २०११ रोजी मिसूरीतील जॉप्लिन शहरात इशारा मिळूनही ईएफ५ टोर्नेडोने दीडशेहून अधिक बळी घेतले.

श्रेणी आणि मनुष्यहानी यांचे माप एक नाही. बळींची संख्या वाऱ्याइतकीच घरांची मजबुती, लोकवस्तीची दाटी आणि वेळेवर मिळणारा इशारा यांवर ठरते. पत्र्याचे किंवा बांबूचे घर मध्यम वाऱ्यातही भुईसपाट होते. त्यानंतर वारा कितीही वाढला, तरी ते दाखवणारे काही तेथे उभे उरत नाही. सर्वाधिक माणसे जिथे मरतात, नेमके तिथेच हे मापन सर्वांत दुबळे ठरते.